गोठा पाडण्याआधी त्याचे फोटो कसे काढावेत?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही भांडुपला राहता, गाव लांजा तालुक्यात. घरामागचा गुरांचा गोठा दहा-बारा वर्षं रिकामा पडलाय. काकांनी तो शिमग्यानंतर पाडून तिथे स्लॅबची खोली बांधायची ठरवलीय. त्याआधी त्याचे ‘चांगले फोटो’ काढून ठेवावेत असं तुम्हाला वाटतं. हाताशी मोबाईल आहे, मित्राचा जुना डीएसएलआर मिळेल, आणि सुट्टीचे दोन दिवस. लेन्स कोणती घेऊ आणि उजेड कधीचा चांगला, एवढंच तुम्ही विचारलंय.

लेन्सचं सांगतो, पण शेवटी. कारण लेन्स चुकल्यामुळे वाया गेलेला गोठा मी अजून पाहिलेला नाही. वाया जातात ते दुसऱ्याच कारणाने, आणि त्यातला पहिला माझाच आहे.

१९९४ साली मी राजापूरकडे मामाच्या गावी गेलो होतो. मामाचा वाडा (आमच्याकडे गोठ्याला वाडाच म्हणतात, खाली सिंधुदुर्गात गेलात की मांगर) तेव्हा अर्धा पडायला आला होता. मी ब्लॅक अँड व्हाइटचे चार रोल संपवले. कौलांच्या फटीतून येणारे उन्हाचे कवडसे, धूर, बैलाचा डोळा, दाराच्या चौकटीत पाठमोरा मामा. काही फोटो दादरला एका छोट्या प्रदर्शनात लागले, लोकांनी कौतुक केलं, मीही फुगलो. पुढे वीसेक वर्षांनी मामेभावाला पाहुण्यांसाठी तसाच एक वाडा पुन्हा उभा करायचा होता. त्याने फोन करून विचारलं, “मधल्या ओळीला खांब किती होते रे? तुळई अखंड होती की जोडलेली? गव्हाण भिंतीला लागून होती की मध्ये?” शिल्लक होते तेवढे सगळे फोटो मी टेबलावर मांडून बसलो. एकातही उत्तर नव्हतं. मी वाड्यातला उजेड काढला होता, वाडा काढलाच नव्हता.

म्हणून माझ्या लेखी गोठ्याचा चांगला फोटो तो, जो बघून गोठा कधीच न पाहिलेल्या माणसाला कळेल की हे छप्पर कशावर उभं होतं, गुरं कुठून आत यायची, कुठे बांधली जायची, शेण कुठून बाहेर जायचं, पेंढा कुठे रचायचे. कवडसे त्यानंतर.

हे तुम्हालाच करावं लागणार आहे, दुसरं कोणी करणार नाही. मुंबईत १९९५ पासून वारसा वास्तूंसाठी नियमावली आहे. फोर्टातल्या व्हिक्टोरियन आणि मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारती २०१८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. जेजे कॉलेजची आर्किटेक्चरची मुलं टेप घेऊन जुन्या इमारती मोजतात. तुमच्या गोठ्याची सरकारदरबारी नोंद असलीच तर ती ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, एका ओळीत. (ती ओळ बघून घ्या आणि जुन्या घरपट्टीच्या पावत्या कुणाच्या ट्रंकेत असतील तर त्यांचेही फोटो काढा. बांधकामाचा काळ कळायला कधीकधी तेवढाच आधार असतो.)

सुरुवात मुंबईतूनच करा. कोकणातल्या कुठल्याही गोठ्याची निम्मी माहिती लालबाग, परळ, भांडुप आणि विरारमध्ये राहते. ज्यांनी त्या गोठ्यात शेण काढलं, दूध काढलं, ती माणसं गिरणीत नाहीतर गोदीत नोकरी धरून इकडे आली आणि आता सत्तरी-ऐंशीत आहेत. गावी जाण्याआधी दोन रविवार काढा आणि अशा तीन-चार जणांकडे जाऊन या. मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करा, अर्थात सांगून. “जुन्या आठवणी सांगा” असं म्हणू नका; मग लोक भाषण देतात. गोठ्याचा एक चौकोन कागदावर काढून समोर ठेवा आणि विचारा, “दार कुठे होतं?” एकदा दाराची जागा ठरली की बाकीचं आपोआप येतं.

लालबागच्या एका आजींनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि कालनिर्णयच्या जुन्या पानामागे स्वतःच आखायला लागल्या. मी त्यांच्या नातवाकडून ऐकलेली माहिती लिहून नेली होती. त्यांनी ती खोडली. “ढवळा इथं नाय, ढवळा दाराशी. मारका होता, आत घातला की सगळ्यांना ढुशा द्यायचा.” पुढे गावी गेल्यावर मी दाराजवळचा खांब मुद्दाम पाहिला. गुडघ्याच्या उंचीवर दाव्याने पडलेली बोटभर खोल खाच होती. बाकी खांबांवर खाचा होत्या, पण एवढी खोल एकही नाही. आजी भेटल्या नसत्या तर मी त्या खांबाला पाठ टेकवून आतले फोटो काढले असते.

विचारायचं काय? गोठा कुणी बांधला, सुतार कुठला, लाकूड स्वतःच्या रानातलं की विकतचं. गुरं किती, त्यांची नावं, कोण कुठे. वासरं वेगळी कुठे. पहिलं छप्पर गवताचं होतं का, कौलं कधी आली. शेवटचा बैल कधी विकला. हा शेवटचा प्रश्न विचारल्यावर थोडं थांबायची तयारी ठेवा.

आता एक नाजूक गोष्ट. गोठ्याच्या कागदावर बहुतेक सात-आठ नावं असतील आणि त्यातली अर्धी माणसं एकमेकांशी बोलत नसतील. पाडायच्या आधी मुंबईहून कोणी टेप घेऊन आला आणि भिंती मोजायला लागला, की गावभर एकच अर्थ निघतो: हा हिस्सा मागायला आला. म्हणून निघण्याआधी घरच्या ग्रुपवर सरळ लिहा की फोटो काढतोय, मापं घेतोय, सगळ्यांना एकेक प्रत देणार आहे. काकांना वेगळा फोन करा. आणि कृपा करून त्यांना “पाडू नका” म्हणून समजवायला जाऊ नका. रिकाम्या गोठ्याची दरवर्षी शाकारणी (पावसाआधी छप्पर नीट करणं) करायची, माकडांनी फोडलेली कौलं बदलायची, त्याला गडी शोधायचा, हे भांडुपहून होत नाही. पॉवर टिलर आल्यावर बैल गेले, आणि बैल गेल्यावर गोठा ही नुसती गळकी जागा उरते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ धडकलं तेव्हा वर मंडणगड-दापोलीकडे इतकी कौलं उडाली की ज्यांनी आयुष्यात पत्रा घातला नव्हता त्यांनीही घातला. काकांची बाजू तुमच्याइतकीच खरी आहे. ते खूश असतील तर कोयता घेऊन रान साफ करायला तेच पुढे येतील.

दोन दिवस आहेत ना? माझा सगळ्यात महत्त्वाचा सल्ला असा की ते सलग घेऊ नका. एक दिवस आधी जा, आणि दुसरा दिवस पाडायच्या दिवसासाठी राखून ठेवा. का, ते पुढे येईल.

शिमग्याचे दिवस या कामाला उत्तम. गणपतीला जाऊन गोठ्याचे फोटो काढणारे पुष्कळ, पण तेव्हा भिंतीवर वेल चढलेले, जोत्याला कमरेएवढं गवत, सगळं हिरवंगार आणि इमारत कुठेच दिसत नाही. होळीपर्यंत रान वाळतं, जोतं उघडं पडतं, चिरा (बांधकामाचा जांभा दगड) दिसायला लागतो.

जाण्याआधी एक तालीम करा, फुकटची. दुपारी बारा वाजता कुठल्याही जुन्या चाळीच्या पॅसेजमध्ये उभे राहा, जिथे एका टोकाला उघडी गॅलरी आहे आणि मधे काळोख. दार, कडीकोयंडा, बाहेरचं आभाळ, सगळं एका फोटोत दिसेल असा प्रयत्न करा. आभाळ धरलं तर पॅसेज काळा, पॅसेज धरला तर गॅलरी पांढरीफटक. गोठ्यात नेमका हाच झगडा आहे. बीडीडी चाळीचा जिना मिळाला तर फारच छान; माझा हात तिथेच बसला.

आता प्रत्यक्ष पहिला दिवस. पोचल्यावर काहीही साफ करू नका. जाळी, मोडका नांगर, प्लास्टिकचा ड्रम, काकांची जुनी लुना, जे जिथे आहे तिथे असताना एक फेरी पूर्ण काढा. मग हवं तर हलवा.

पहिले फोटो लांबून. घर, खळं, विहीर, गायरी (शेणखताचा खड्डा), वाट आणि गोठा एकत्र दिसतील असे. गोठा पाडल्यावर सगळ्यात आधी विसरलं जातं ते म्हणजे तो घरापासून किती पावलांवर होता आणि त्याचं तोंड कुणीकडे होतं. त्यानंतर चारही बाजू, एकेक समोरून अगदी सरळ, आणि चारही कोपरे, दोन भिंती दिसतील असे. हे आठ फोटो कंटाळवाणे आहेत. बाकी काही जमलं नाही तरी हे आठ काढाच.

समोरून काढताना कॅमेरा वर किंवा खाली झुकवू नका. झुकवला की खांब वर जाऊन एकमेकांकडे कलतात आणि पुढे कुणाला वाटतं की गोठाच कललेला होता. छप्पर फ्रेममध्ये मावत नसेल तर मागे सरका, मागे जागा नसेल तर एखाद्या गडग्यावर (दगडी कुंपणावर) चढा. मोबाईलची ०.५ वाली लेन्स टाळा, ती कडांना ताणून गोठ्याची धर्मशाळा करते. १ किंवा २ वर ठेवा. एका वेळूच्या काठीवर दर १० सेंटिमीटरला आलटून पालटून पांढरा-काळा रंग द्या आणि ती भिंतीला उभी करून एक फोटो काढा, मग काठी काढून दुसरा. पहिला मोजायला, दुसरा बघायला.

उजेड ढगाळ मिळाला तर देवाचे आभार माना. मार्चमध्ये तो मिळत नाही, म्हणून सूर्य वर यायच्या आधीचा अर्धा-पाऊण तास पकडा. जर्मनीत बर्न्ड आणि हिला बेशर या जोडप्याने १९५९ पासून कित्येक वर्षं भट्ट्या, पाण्याच्या टाक्या, खाणींवरचे मनोरे असेच काढले: ढगाळ उजेडात, समोरून, दरवेळी सारख्याच शिस्तीने. बघताना पहिल्यांदा रुक्ष वाटतं. १९८२ च्या संपानंतर ओस पडलेल्या गिरण्यांच्या चिमण्या मी गिरणगावात काढत होतो तेव्हा मला बेशर जोडप्याच्या पद्धतीचं महत्त्व पटलं. नाट्यमय ढगांपुढे काढलेली चिमणी ढगांचीच राहते. साध्या राखाडी आभाळापुढे विटांचे थर मोजता येतात.

आत जाताना मात्र आधी काठी आपटा, बॅटरी मारा, पायात बूट घाला. रिकाम्या गोठ्यात फुरसं (विषारी साप), विंचू, गांधीलमाशा सगळे भाडेकरू असतात. लाल विंचवावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपचार जगाला दाखवून दिला, म्हणून आता माणसं वाचतात, पण फोटोसाठी तो उपचार घ्यायची गरज नाही. माळ्यावर चढायचं असेल तर काकांना विचारल्याशिवाय नको. वाळवी वासा आतून खाते आणि वरून तो धडधाकट दिसतो.

आत दहा मिनिटं नुसते उभे राहा, डोळे सरावू देत. मग कॅमेरा ट्रायपॉडवर, नसेल तर गव्हाणीच्या कट्ट्यावर वाळूची पिशवी ठेवून. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला दाद) १०० किंवा २००, अॅपर्चर (लेन्सचं भोक) ८, आणि शटर काय येईल ते. चार-सहा सेकंद सहज येतं. दोन सेकंदांचा टायमर लावा म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही. प्रत्येक फ्रेमचे तीन फोटो घ्या: एक मीटर सांगेल तसा, एक दोन स्टॉप (म्हणजे चौपट) उजळ, एक दोन स्टॉप काळा. घरी बसून ते एकत्र करता येतात. फ्लॅश मारू नका, सारवलेल्या भिंतीचा पोत त्याने सपाट होतो. फारच काळोख असेल तर दाराबाहेर उन्हात पांढरी चादर धरा, तिच्यावरून आत मऊ उजेड जातो. (पूर्वी आम्ही यासाठी मखराचा थर्माकोल वापरायचो. २०१८ च्या बंदीनंतर चादरच बरी.) मोबाईल असेल तर टेकवून नाइट मोड, आणि रॉ फाइलची (मोबाईलने फेरफार न केलेल्या फोटोची) सोय असेल तर ती चालू ठेवा. मोबाईल आपणहून सावल्या उजळवतो आणि मग गोठा ट्यूबलाइट लावल्यासारखा दिसतो.

आता उताणे झोपा. खरंच. पाठीखाली पोतं घाला आणि छप्पर सरळ खालून काढा: आढं (माथ्याचं आडवं लाकूड), तुळया, वासे, रिपा (कौलांखालच्या पट्ट्या), कौलं. गोठ्याची अक्कल छपरात असते. खांब किंजळीचे की ऐनाचे, वासे सोट (अखंड) की जोडलेले, तुळई खांबावर नुसती टेकलीय की कुसू (खाचेत बसणारी लाकडाची जीभ) घालून बसवलीय, खिळे आहेत की लाकडी खुंट्या, हे सगळं तिथे आहे. प्रत्येक प्रकारच्या सांध्याचा जवळून एक फोटो घ्या, शेजारी हाताचा पंजा किंवा काठी ठेवून. लाकूड ओळखता आलं नाही तर काकांना विचारा. त्यांनाही आलं नाही तर गावातल्या म्हाताऱ्या सुताराला फोटो दाखवा. तो नखाने ओरखडा काढून सांगतो, म्हणून शक्य असेल तर त्यालाच घेऊन या.

कौलं नळीची, म्हणजे गावच्या कुंभाराची अर्धगोल, असतील तर एकदोन काढून पालथी करून बघा, कुंभाराच्या बोटांचे ठसे असतात. मंगलोरी असतील तर खालच्या बाजूला कारखान्याचा शिक्का असतो आणि इथे एक चकवा आहे. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८६५ साली मंगलोरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ते साल त्यांच्या शिक्क्यातच आलं. लोक ते वाचून सांगतात, “आमचा गोठा १८६५ चा.” तसं नाही. ते कारखान्याचं साल आहे, कौलाचं नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी हे कारखाने ताब्यात घेतले आणि नंतर ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले, त्यामुळे कॉमनवेल्थचा शिक्का असेल तर कौल त्यानंतरचं, एवढं ठामपणे म्हणता येतं. तरीही छप्पर त्याच वेळचं असं नाही; पडलेल्या घराची कौलं गोठ्यावर चढवायची पद्धत सगळीकडे होती. वेगवेगळे शिक्के किती मिळतात ते मोजा. चार प्रकार निघाले तर समजा छप्पर चार वेळा तरी डागडुजी होऊन आलंय.

झिजलेल्या जागांवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. गव्हाणीची कडा गुरांच्या मानांनी गुळगुळीत झालेली असते. दाराच्या चौकटीला खांदे घासून तेलकट चकाकी आलेली असते. ज्या खांबाला टेकून कोणी रोज दूध काढलं तो एका बाजूने काळा असतो. भिंतीवर कोळशाने मारलेल्या उभ्या रेघा दिसल्या तर त्या भाताच्या मापाच्या किंवा भाऱ्यांच्या असू शकतात. एका ठिकाणी मला पाच-पाचचे गठ्ठे सापडले आणि खाली कुणाचं तरी अर्धवट नाव. वसुबारसेच्या हळदीकुंकवाचे डाग, दाव्यांच्या खुंट्या, इरलं (पावसात पांघरायचं) अडकवायची खुंटी. असे फोटो तिरप्या उजेडात काढा. बॅटरी भिंतीला जवळजवळ समांतर धरलीत की बुजलेली रेघही वर येते. हे ज्याला एकदा जमलं त्याला मग भिंतीवरून उठवत नाही.

नांगर, जू, कणगी, मोडकी दावी असतील तर आधी आहेत तिथे, मग खळ्यात आणून घोंगडीवर, काठी शेजारी ठेवून.

मापांसाठी पंधरा मीटरची टेप, आलेखाची वही आणि एक चुलतभाऊ. लांबी-रुंदी घेतल्यावर दोन्ही कर्णही मोजा. ते सारखे आले नाहीत तर गोठा काटकोनात नाही, आणि बहुतेक नसतोच. खांबांना क्रमांक द्या, नकाशावर लिहा आणि फोटोंच्या नावात तेच वापरा. वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो तिथेच काढा. माझी एक वही एसटीत राहिली, म्हणून सांगतो.

फोटोंवरून संगणकात त्रिमितीय मॉडेल करायचं असेल तर भिंतीभोवती फिरत दर दोन पावलांनी फोटो घ्या, प्रत्येकात आधीच्या फोटोचा दोन तृतीयांश भाग यायला हवा; एक फेरी कमरेच्या उंचीवरून, एक डोक्यावर हात ताणून. जमलं तर छान, नाही जमलं तर वर सांगितलेल्या आठ फोटोंवर आणि टेपवर काम भागतं. ड्रोनच्या भानगडीत मी पडलो नसतो. नियम आहेत, परवानगीचा नकाशा बघावा लागतो, आणि छप्पर वरून दिसून कळतं ते फार थोडं.

आता तो राखून ठेवलेला दुसरा दिवस. गोठा पाडतात तो वरून खाली. आधी कौलं उतरतात, मग रिपा, मग वासे. कौलं उतरल्यापासून वासे निघेपर्यंत तास-दोन तास असे मिळतात की सगळा सांगाडा उघड्या आभाळाखाली, भरपूर उजेडात, कुठलाही काळोख न ठेवता उभा असतो. ज्यासाठी तुम्ही आदल्या खेपेला सहा-सहा सेकंद श्वास धरून बसला होता ते सगळं साधा मोबाईलही टिपतो. सांधे सुटतात तेव्हा आतला कुसू पहिल्यांदाच दिसतो, आणि कधी सुताराने जोडणी चुकू नये म्हणून छिन्नीने मारलेल्या खुणाही: एक रेघ, दोन रेघा, फुली. त्या दिवशी मुकादमाला सकाळीच गाठून चहा पाजा आणि सांगा की कौलं उतरली की मला पंधरा मिनिटं द्या. शाकारणीच्या वेळी मे महिन्यात हेच दृश्य दरवर्षी दिसायचं, फक्त तेव्हा कुणी फोटो काढत नव्हतं.

लाकूड कोण नेणार तेही विचारून ठेवा. जुने खांब, दारं यांना मुंबईत गिऱ्हाईक आहे. ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात चक्कर मारलीत तर कुणाकुणाच्या पडवीचे खांब कॅफेच्या टेबलाखाली जायच्या तयारीत दिसतील. घरच्यांना एखादी तुळई ठेवायची असेल तर ती पाडायच्या आधी ठरवा. नंतर ट्रक भरलेला असतो.

फोटो घरी आणल्यावरची गोष्ट. मामाच्या वाड्याचे दोन रोल माझ्याकडे आज नाहीत. कालिन्याला तळमजल्याच्या खोलीत कपाटाच्या खालच्या फळीवर निगेटिव्ह होत्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि तिसऱ्या दिवशी मी त्या पट्ट्या बादलीत धूत बसलो होतो. थर सुटून पाण्यात जात होता. तेव्हापासून तीन प्रती: एक संगणकात, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्याच घरी किंवा क्लाउडवर. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रत ही प्रत धरू नका. तो फोटो दाबून लहान करतो आणि तारीख-वेळेची माहितीही काढून टाकतो. पाठवायचंच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मित्राच्या डीएसएलआरमधलं घड्याळ आधी तपासा, जुन्या कॅमेऱ्यांत ते हमखास भलतंच असतं.

प्रत्येक फोटोला एक ओळ लिहा. ‘गोठा आतून’ ही ओळ नव्हे. ‘खांब ३, पूर्वेकडून, दाव्याची खाच, इथे तांबू बांधायचे, आत्याने सांगितलं’ ही ओळ. पन्नास फोटो असे लिहून झाले की बाकीचे चारशे पुसले तरी फरक पडत नाही. त्यातल्या पंचवीसांचे कागदी प्रिंट काढा, मागे पेन्सिलीने तीच ओळ लिहा आणि एक संच गावच्या घरी ठेवा. नव्या स्लॅबच्या खोलीत, भिंतीला लागून नको, ओल येते.

मग राहिला वेळ तर कवडसे काढा, मी कुठे नाही म्हणतोय. संध्याकाळी साडेपाचला पश्चिमेच्या फटीतून येतील. काकांना म्हणावं, जिथे बसून दूध काढायचात तिथे बसा. ते आधी नको म्हणतील, मग शर्ट बदलायला जातील. बदलू देऊ नका.

लेन्स: मित्राकडे १८-५५ (मिलिमीटरची झूम) असेल, तीच न्या. बाहेरून ३५च्या आसपास, आत २४, सांध्यांसाठी ५५. नवीन काही विकत घेऊ नका, त्या पैशात ट्रायपॉड घ्या.

आणि कौलं उतरवतील तेव्हा शिक्का असलेलं एक अख्खं कौल बाजूला काढून वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन या. शिक्का वाचता आला नाही तर त्यावर कोरडं पीठ चोळून पुसा, अक्षरं उठतात. काय छापलंय ते मला कळवा.